सासूबाई आणि दोनशे डिग्री

४ फेब्रुवारी, सकाळ
हीट प्रेस आली. झाकणावर भाजलेल्या हाताचं चित्र आहे. मी घाबरलेलो नाही. कागदावरचा फोटो उष्णतेने कापडावर उतरवायचा, एवढंच तर काम. टेम्परेचर जमलं की सोनईत आपल्याला तोड नाही.

पहिली ऑर्डर घरचीच. सासूबाईंचं, कै. कडूबाईंचं, वर्षश्राद्ध सोळा तारखेला पारनेरकडे. पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायचीच असते. मेव्हण्याला, अजिनाथला, फोन करून सांगितलं, टॉवेलवर आईंचा फोटो छापतो, सगळे टॉवेल मी आणतो. तो नुसता बरं म्हणाला. भारावला असणार. अजिनाथ तालमीतला गडी आहे. त्याचा एक पंजा म्हणजे माझे दोन. हे आपलं सहज आठवलं.

५ फेब्रुवारी
काम उद्यापासून. आज मशीनपुढे नारळ फोडला, हँडलला लिंबू-मिरची बांधली. पंकजाने विचारलं, अहो, भ्या वाटतंय का? मशीनला दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय, असं बायकोला शांतपणे सांगितलं. आवाज थोडा चिरकला. थंडी.

६ फेब्रुवारी
१६० डिग्री. हँडल काठीने दाबलं. लांबून दाब सारखा बसतो. टॉवेलवर सासूबाईंचे नुसते डोळे आणि कुंकू. बाकी चेहरा नाही. डोळे माझ्याकडेच! मी काही करायला घेतलं की हयातीतही त्या अश्शाच बघायच्या. टॉवेल पालथा ठेवला.

मशीन ज्यांच्याकडून घेतली त्या श्रीरामपूरच्या रंगनाथशेठना फोन. म्हणाले, दोनशे ठेवा. पुढे कापडाबद्दल काहीतरी सांगत होते. फोन ठेवला. मला काय कापड कळत नाही?

८ फेब्रुवारी
शेठ दोनशे म्हणाले, मी वीस वाढवले. आपला अंदाज असतो. धूर! टॉवेल करपलेल्या भाकरीसारखा, त्यात सासूबाई काळ्याठिक्कर. पंकजा म्हणाली, आई गोरी हुती. मी म्हटलं, वयोमानाने होतं असं. संध्याकाळचा चहा मलाच करावा लागला. छातीत धडधडतंय. पित्त असावं.

१० फेब्रुवारी
कागद गरम असतानाच सरकला. एका टॉवेलवर दोन सासूबाई. एक समोर, दुसरी तिच्या मागून डोकावतेय. अरे बाप रे! एक होती तेव्हाच माझी बोबडी वळायची. दुकानाचं शटर ओढून दिवसभर रसवंतीवर बसलो. मार्केटचा अभ्यास केला.

१२ फेब्रुवारी
जमलं!! दोनशेच. सासूबाई जरा फिकट आल्यात, पण फिकट म्हणजे सोबर. सगळे टॉवेल छापून घेतले. अजिनाथला फोटो पाठवला, मोबाईलमध्येच थोडा रंग चढवून. त्याचा नुसता अंगठा आला. शब्द एक नाही. अंगठासुद्धा केवढा.

१४ फेब्रुवारी
पंकजाने एक टॉवेल बादलीत बुडवला. चेहरा सुटला. पाणी निळं. ती बादलीकडे बघत बसली. मग म्हणाली, आई दुसऱ्यांदा गेली.

रंगनाथशेठना फोन. म्हणाले, सुती टॉवेलवर हजार डिग्री लावा, रंग धरनार न्हाई. पॉलिस्टर लागतं, त्याच दिवशी सांगत हुतो. माणसाने महत्त्वाचं आधी सांगावं.

योजना: टॉवेल वाटताना जाहीर करायचं, स्मृती म्हणून जपावेत, धुऊ नयेत. पाहुण्यांसमोर अजिनाथ हात उचलणार नाही. मागून उचलेल. दुसरी योजना: जुलाब. पंकजा म्हणाली, जुलाब झाले तरी यायचं.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
गेलो. गठ्ठा छातीशी धरून मांडवात शिरलो. अजिनाथ उठून समोर आला. मी डोळे मिटले. तो म्हणाला, दाजी, त्ये ठिवा तिकडं, आधी जेवून घ्या.

बघतो तर टॉवेल वाटून झालेले. साधे, पांढरे, बाजारातले. विचारलं, कधी आणले? म्हणाला, मशीन आली त्याच दिवशी ताईचा फोन आलता. त्यांचं जमलं तर सोनं, न्हाई तर आपले असू दे म्हणली.

मी विचारलं, मग राग नाही आला? अजिनाथ हसला. म्हणाला, राग कशाचा, दाजी? आईबी असंच करायची. तुमाला काम सांगायची आन् दुसऱ्याकडून करून घ्यायची. लई जीव हुता तिचा तुमच्यावर.

पोटभर जेवलो. माझ्या टॉवेलांबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. ज्याला इतके दिवस घाबरलो ते झालंच नाही, पण माझं जमणार नाही हे सगळ्यांनी आधीच धरलं होतं, याची आता जास्त भीती वाटतेय.

येताना गाडीवर पंकजाला म्हटलं, पुढच्या वेळी पॉलिस्टरच घेतो. म्हणाली, घ्या की.