मुठीखालचा आकडा

प्रिय चोंगशान,

तुझं पत्र परवा पोचलं. आईला वाचून दाखवताना मी मधल्या चार ओळी गिळल्या. वूचांगची फौज बादशहांवर उलटली, आता ती तुमच्या जिंगझोऊवर चालून येणार, आणि दक्षिण दरवाज्यातून पहिली तुकडी घेऊन तू बाहेर पडणार. का, तर अख्ख्या छावणीत दहा ताकदीचं धनुष्य ओढून नेमणूक मिळवलेला तूच एक. हे वाचल्यापासून मी सारखा दारात जाऊन बसतो. आई मात्र तुझ्यासाठी कापडी जोडे शिवत बसली आहे.

इथे पेकिंगात चहाच्या दुकानात ज्याला त्याला अक्कल फुटली आहे. पक्ष्यांचे पिंजरे खुंटीला टांगायचे आणि अडीचशे वर्षांचं राज्य कशानं बुडतंय ते एकमेकांना शिकवायचं. कुणी म्हणतं परक्यांच्या तोफा, कुणी अफू, कुणी बादशहांच्या हुकमाच्या वेण्या कापून बंड करणारी दक्षिणेतली पोरं. काल शेजारचा रुइफू मला म्हणाला, "दादा, तुम्ही का गप्प? चाळीस वर्षं सरकारी धनुष्यं केलीत की तुम्ही!" काय सांगू त्याला? राज्य बुडवणाऱ्यांत मीही आहे रे.

मी कामाला लागलो तेव्हा दहाचं धनुष्य दहाचंच असे. ओढताना भल्याभल्यांच्या मानेच्या शिरा फुगत. मग एका वर्षी फौजेच्या तिरंदाजी परीक्षेआधी कारखान्याचा मुकादम आला. "उस्ताद, यंदा जरा हात हलका ठेवा. सरदारांची पोरं आहेत, खांदे दुखतात त्यांचे." मी शिंगाची पट्टी तासली, स्नायूंच्या धाग्यांचे दोन थर कमी दिले आणि वर आकडा दहाचाच ठेवला. पुढे दहाचं आठ झालं, मग सहा. परीक्षक खूश, सरदार खूश. आपले तिरंदाज पूर्वजांइतकेच बळकट आहेत अशी वर्दी दरवर्षी दरबारात जायची आणि तिथे ती खरी मानली जायची. मला रेशमाचा तागा मिळायचा. चीड येते मला. त्या मुकादमाची येते, त्याहून जास्त माझी स्वतःची.

तुझ्या परीक्षेच्या हिवाळ्यात तू तापातून नुकता उठला होतास, आठवतं? पाण्याची बादलीही उचलवत नव्हती तुला. तरी दहाचं ओढलंस, मैदानात वाहवा झाली, आणि घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून आनंदानं हमसून हमसून रडलास. मग मला म्हणालास, "बाबा, तुम्ही का नाही हसत?" मी कामाचं निमित्त काढून बाहेर गेलो.

ते धनुष्य तू तिथे भिंतीवर टांगलं आहेस. खाली काढ आणि मुठीवरची भूर्जाची साल सोल. धनुष्याची खरी ताकद त्या सालीखाली लिहायची ही आपल्या घराण्याची रीत. तेवढी एक मी कधी मोडली नाही. तिथे चार लिहिलेलं आहे. बंदुकांपुढे धनुष्याला कोण विचारतो हे मलाही कळतं, पण तुझ्या सेनापतीनं तुला निवडलं ते त्या खोट्या दहाच्या भरवशावर, आणि तूही त्याच भरवशावर निघाला आहेस. धनुष्य आणि हे पत्र त्याच्यासमोर ठेव. बापानं फसवलं म्हणून सांग. मला धरायला आले तर येऊ देत, मी दारातच बसलेला असतो. तू मला शिव्या दे, पुन्हा बाबा म्हणू नकोस, पण त्या दरवाज्यातून पहिला बाहेर पडू नकोस. तुझ्या अंगात दहाची ताकद कधीच नव्हती, पोरा. ती मी लिहिली होती.

जोडे पाठवतोय. पायात घाल आणि घरी ये.

तुझाच,
बाबा