नंदूची दाढ

मुलुंड (पूर्व),
७ ऑगस्ट १९८४

ती. सौ. जयंतीताईस,
वसूचा सा. न. वि. वि.

ताई, अक्षर असं का आलंय विचारू नकोस. काल दुपारपासून राग उतरलेला नाही.

नंदूची डावीकडची दाढ किडल्याचं तुला मागे कळवलंच होतं. पाच वर्षांची पोर, ठणका सहन होईना, म्हणून काल स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर फक्त बघणार आहेत, काही दुखणार नाही, असं समजावत नेलं. तर आत गेल्याबरोबर त्याच्या मदतनीस बाईने मला बाहेर काढून दार लावून घेतलं. आया आत असल्या की मुलं नाटकं करतात म्हणे! थोड्या वेळाने नंदूची किंकाळी आली. मी दार ढकलून शिरले तर काय बघते, पोरीचे दोन्ही हात टॉवेलने खुर्चीला बांधलेले, ती बाई डोकं धरून उभी, आणि तोंड उघडावं म्हणून हा तिचं नाक दाबतोय. गालावर बोटं उठली होती. मी ओरडले, तर मलाच म्हणतो, एकुलती एक दिसतेय, लाडावून ठेवलीय. दाढ अर्धीच तुटून आली, मूळ आत राहिलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी परत आणा म्हणाला. डॉक्टर आहे की फौजदार?

आणि घरी हे काय म्हणाले असतील? तो शिकलेला माणूस, त्याला कळतं. शिवाय दुधाचाच दात, आज ना उद्या पडणारच होता. सासूबाईंनी लवंग धरायला दिली तर नंदूने तोंडच उघडलं नाही. माझ्या हातून दूधसुद्धा घेत नाही गं. बापाजवळ जाते, आजीजवळ जाते, मी दिसले की तोंड फिरवते. मी काय केलं तिचं? सोडवून आणली ती मीच ना?

हे तिला परत तिथेच न्यायचं म्हणतायत. तू काहीतरी लिही. तुझं ते ऐकतात.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागणार आहे.
तुझी,
वसू


रत्नागिरी,
११ ऑगस्ट १९८४

चि. सौ. वसूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि शाळेत दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. मी तिथे असते तर त्याच टॉवेलने त्याचे हात बांधले असते. विद्याधररावांना सांग, त्यांची स्वतःची दाढ दुखली तेव्हा त्यांनी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, ते मी गणपतीत डोळ्यांनी पाहिलंय. दुधाचा दात दुखत नाही असं कुणी सांगितलं त्यांना?

आता तुझ्यावर रागावते, ऐक. फक्त बघणार, दुखणार नाही, हे तुझेच शब्द आहेत. दाढ काढावी लागेल हे तुला ठाऊक होतं की नव्हतं? डॉक्टर तिला परका. विश्वास होता तो तुझ्यावर. पोर तुझ्यावर चिडलीय, आणि तिचं बरोबर आहे.

पण म्हणून मूळ तसंच ठेवू नकोस, आत पू झाला तर भारी पडेल. चेंबूरला डॉ. श्यामकांत तेरसे आहेत, आमच्या मुख्याध्यापिकांचे भाऊ. तोंडाने फटकळ, पण पोरांशी खोटं बोलत नाहीत. जाण्याआधी नंदूला खरं काय ते तूच सांग.

माझं बोलणं टोचलं तर टोचू दे. नंदूच्या गालावरून माझ्या वाटचा हात फिरव, ती फिरवू देईल तेव्हा.
तुझी,
ताई


मुलुंड (पूर्व),
३ सप्टेंबर १९८४

ती. सौ. ताईस,
वसूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अशी भडकले की ते फडताळात फेकलं आणि ठरवलं, ताईला उत्तर पाठवायचंच नाही. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी नंदू उठली ती गाल टम्म सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, अंग तापलेलं. हे चपला घालून तयार, जवळ पडतो म्हणून त्याच डॉक्टरकडे. मी दारात आडवी उभी राहिले. लग्न झाल्यापासून यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो सासूबाईंदेखत चढवला. ताईने चेंबूरचे डॉक्टर कळवलेत, तिला परत त्याच्याकडे न्यायचं तर आधी मला बांधा, म्हटलं. आणि सासूबाई काय म्हणाल्या असतील? विद्याधर, चेंबूरला जायला रिक्षा बघ!

रिक्षात नंदूला सांगितलं, दाढेचं मूळ काढावं लागेल, दुखेल. मागच्या वेळी मी खोटं बोलले. तिने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. मग विचारलं, तू आत असशील? म्हटलं, मला बाहेर काढलं तर तूही उठून ये.

तेरशांनी आधी मलाच झाडलं, इतके दिवस काय करत होतात म्हणून. त्या दिवशी नुसतं औषध दिलं, सूज उतरल्यावर परत बोलावलं. तेव्हा तिला माझ्या मांडीवर बसवून सरळ सांगितलं, सुई टोचेल. नको झालं की हात वर कर, मी थांबेन. कार्टीने त्यांनी काही करायच्या आधीच हात वर केला! ते थांबले. परत केला, परत थांबले. हे घड्याळ बघायला लागले तसं डॉक्टरांनी यांनाच बाहेर काढलं. शेवटी नंदूने आपणहून हात खाली घेतला, माझा अंगठा घट्ट धरला आणि आ केला. रडली, पण मूळ निघालं.

काल मी त्या स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेले. त्याला काय काय सुनवायचं ते जिना चढताना घोकत होते. बाहेर बाकावर एक बाई पदर तोंडाशी धरून बसलेली, आतून पोराचं रडणं. तुमचा का, विचारलं. तिने मान हलवली. आत जा म्हटलं, तर म्हणाली, डॉक्टर नको म्हणालेत. मी दार उघडलं आणि धरून उभी राहिले. मदतनीस बाई धावून आली, डॉक्टर दार लावा म्हणून ओरडला. मी लावलं नाही. ती बाई उठली, माझ्या बाजूने आत गेली आणि पोराचा हात धरून उभी राहिली. डॉक्टरने हात मागे घेतला. घोकलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

रागावणं असंच चालू ठेव ताई, लोभ त्यातच आला.
तुझी,
वसू