बाराव्यावरून तिसरा

२१ एप्रिल, सोमवार

केलं. एकदाच. पुन्हा नाही.

सकाळी रूडीच्या बारमधून कॉफीचा डबा आणला, नेहमीसारखा. आत अकरा जणांच्या चिठ्ठ्या, या आठवड्यात कुणाला बेसबॉलचा कोणता मोकळा, म्हणजे आमच्यापैकी कुणाच्याच संघात नसलेला, खेळाडू हवाय त्याच्या. नियम लायलनेच घालून दिलेला : मंडळाच्या प्रमुखाने, म्हणजे मी, आपली चिठ्ठी आधी लिहायची, मग बाकीच्यांच्या उघडायच्या. आज मी आधी उघडल्या.

आर्डिसच्या चिठ्ठीत एका नव्या डावखुऱ्या पिचरचं नाव होतं. मी कधी ऐकलेलंही नाही. तेच माझ्या चिठ्ठीवर लिहिलं. एकाच खेळाडूला दोघांनी मागितलं, तर जो तळाशी त्याला मिळतो. आणि तळाशी कोण? मीच!

कोरीन भांडी विसळता विसळता म्हणाली, "चेंडूला हात न लावता बारा म्हातारे घामाघूम होतात. कमाल आहे बाई!" दर वर्षी मी तिला समजावतो – खेळाडू खरे, सामने खरे, फक्त संघ आमच्या कागदावर, त्यांनी मैदानात केलं त्याचे गुण आम्हाला. यंदा काही बोललो नाही.

२८ एप्रिल

पुन्हा.

१२ मे, सोमवार

कारण लिहून ठेवतो. स्वतःला तरी खरं सांगावं.

गेल्या वर्षी मी बारावा आलो. शेवटचा. रूडीने माझा फोटो बारच्या पुरुषांच्या मुतारीत लावला – बरोबर डोळ्यांसमोर येईल असा. वर्षभर गावातला जो तो पाठीवर थाप मारून म्हणतो, "काय पोस्टमास्तर, आत्ताच तुझं दर्शन घेऊन आलो!" मी हसतो. मी काही पोस्टमास्तर नव्हतो, साधा टपाल वाटणारा. एकतीस वर्षं. तेही सांगत बसत नाही.

आणि आर्डिस? तिचा नवरा लायल जानेवारीत गेला, आणि मार्चमध्ये खेळाडू वाटून घ्यायच्या दिवशी ती येऊन त्याच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "संघ मी चालवणार." रूडी म्हणाला, "वहिनी, हे भरतकाम नाही." ती म्हणाली, "भरतकाम मला कुठे येतं?" सगळे हसले. मीही हसलो.

लायल आजारी असल्यामुळे गेल्या वर्षी त्याचा संघ अकरावा होता. आता तो सातवा आहे. माझा आठवा. डावखुऱ्याने मला वर ओढलं.

१५ जून, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना आर्डिस शेजारी आली. मी विचारलं, "तुला ही पोरं सापडतात तरी कुठे?" (लाज कशी नाही वाटली मला विचारताना!)

म्हणाली, "गॅरेजमध्ये लायलचा रेडिओ आहे ना. संध्याकाळी मटार सोलत बसते आणि लांबलांबची केंद्रं लावते. लायल आकडे बघायचा. मला आकड्यांतलं कळत नाही. सामना सांगणाऱ्याचा आवाज कुणासाठी चढतो ते ऐकते. आकड्यांच्या आधी आवाज चढतो बघ."

मग हसून म्हणाली, "पण तुला माझ्याही आधी ऐकू येतं वाटतं! जो जो मी निवडावा तो तुझ्याकडे."

मी केकचा तुकडा तोंडात कोंबला. बोलावं लागू नये म्हणून.

१४ जुलै

दोन आठवडे नियमाने वागलो. दोन्ही खेळाडू फुकट गेले.

आज परत तिची चिठ्ठी आधी वाचली.

११ ऑगस्ट, सोमवार

आता मी पाचवा, ती सहावी. म्हणजे दोघांनी एकाच खेळाडूला मागितलं, तर तो तिला मिळणार. तिने एका कॅचरचं नाव लिहिलं होतं. लिहिलं होतं कसलं, दोनदा खाली रेघ मारली होती.

तिची चिठ्ठी मी घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

एवढंच. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तिचा फोन.

"डेल्मर, माझी चिठ्ठी?"

"या वेळी नव्हती गं डब्यात."

"मी टाकली होती. टाकली होती ना? रूडीशी बोलले, मासे घेतले… डब्याचं झाकण उघडल्याचंही आठवतंय मला."

"होतं असं कधीकधी."

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. अगदी हळू. आणि फोन ठेवला.

एकतीस वर्षांत एक पत्र इकडचं तिकडे झालं नाही माझ्या हातून. बर्फात, कुत्री अंगावर आली तरी. आणि आता हे.

२४ ऑगस्ट

कोरीन आर्डिसकडे जाऊन आली. म्हणे फ्रीजभर चिठ्ठ्या चिकटवल्यात – गॅस बंद केला का, दार लावलं का, किर्स्टनला फोन केला का. किर्स्टन म्हणजे तिची लेक, मिनियापोलिसला असते. तिनेच आईसाठी स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ मागितली. ६ नोव्हेंबरची मिळाली, तोवर थांबायचं. घर विकून लेकीकडे जावं का, असंही आर्डिस बोलत होती.

"एका चिठ्ठीवरून एवढं घेतलंय तिने मनाला," कोरीन म्हणाली. "तू नीट बघितलं होतंस ना डब्यात?"

"बघितलं होतं."

बायकोशीही खोटं. चौतीस वर्षांच्या संसारात!

२९ सप्टेंबर, सोमवार

काल मोसम संपला. मी तिसरा, आर्डिस चौथी.

सगळ्यात सुधारलेल्या संघाचं बक्षीस ठरवायचं माझ्याकडेच असतं. हिशेब सोपा आहे – बाराव्यावरून तिसरा, नऊ पायऱ्या. अकराव्यावरून चौथी, सात. तिचे चोरलेले खेळाडू तिला परत दिले तर? करून बघितलं. दुपारभर कागद घेऊन बसलो. ती पहिली येते. सगळ्यांत पहिली! आणि मी दहावा.

तो कागद फाडला.

रूडीला फोन करून म्हटलं, यंदा बक्षीस नकोच, मी प्रमुख, मीच कसा घेऊ? तो म्हणाला, "जास्त साधुपणा करू नकोस. आम्ही हात वर करून ठरवलंय. आणि आर्डिसच म्हणाली, डेल्मरलाच द्या."

१२ ऑक्टोबर, रविवार

रूडीच्या बारमध्ये जेवण होतं. सॉसेजेस, कोबी, बटाट्याचं सॅलड. सगळे बायकामुलांसह.

बक्षीस म्हणजे लायलने बर्चच्या लाकडाची केलेली हातभर शिडी. दर वर्षी एका पायरीवर एक नाव, तापलेल्या खिळ्याने कोरलेलं. ते बक्षीस त्यानेच सुरू केलं होतं. म्हणायचा, "पहिल्याला काय, टाळ्या मिळतातच. तळातून वर येणाऱ्याच्या पाठीवर कोण हात ठेवतो?" यंदा पायरीवर माझं नाव. आधीच कोरून आणलं होतं त्यांनी.

द्यायला उभी राहिली आर्डिस. तिच्या हातात कागद होता. "लायल असता तर…" म्हणाली आणि थांबली. कागदाकडे बघत राहिली. पुन्हा वर बघितलं. सगळे वाट बघत होते. शेवटी म्हणाली, "मला पुढचं सापडत नाही. डेल्मर, ये रे बाबा, घे."

मी गेलो. घेतली. तिचे हात थंडगार होते.

बाईला बोलता येईनासं झालं – कशामुळे? माझ्यामुळे. स्वतःच्या डोक्यावरचा तिचा विश्वास मी काढून घेतला.

रूडीने मुतारीतला माझा फोटो आणून सगळ्यांसमोर फाडला. टाळ्या! शिट्ट्या! कोरीनने माझा दंड धरून दाबला. तिला अभिमान वाटत होता. तेवढं मात्र सहन झालं नाही.

१३ ऑक्टोबर

शिडी कपाटात. हिवाळी कोटांच्या मागे.

१९ ऑक्टोबर

कोरीनला सांगितलं. पहिल्यापासून सगळं.

ती कपडे घड्या करत होती. करतच राहिली. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस? माझं काय चोरलंयस तू?" थोड्या वेळाने – "त्या बाईला रात्र रात्र झोप नाही, डेल्मर. मी तिच्याजवळ बसून रडलेय. आणि तू इथे बसून फुटबॉल बघत होतास."



२२ ऑक्टोबर, बुधवार

गेलो. शिडी बरोबर घेतली.

आर्डिस अंगणात पानं ओढत होती. मी फाटकातच उभा राहून सांगितलं, आत गेलो असतो तर धीर सुटला असता. डबा, चिठ्ठ्या, डावखुरा. शेवटी कॅचर. "ती चिठ्ठी तू टाकली होतीस. मी खिशात घातली."

तिने दाताळं भिंतीला टेकवलं.

"टाकली होती मी?"

"टाकली होतीस."

"नावाखाली रेघा होत्या?"

"दोन."

मला वाटलं, आता मारेल. मारावं, असंच वाटत होतं. तर ती ओल्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. मग रडायला. दोन्ही एकदम. "म्हणजे मी ठीक आहे! माझं डोकं ठीक आहे! अरे गाढवा, दोन महिने मी मेलेय रोज!"

शिडी पुढे केली. "ती घाल चुलीत!" म्हणाली. मग परत मागून घेतली. लायलने केलेली म्हणून.

मला आत नेऊन कॉफी दिली. भोपळ्याची वडी दिली. फ्रीजवरच्या चिठ्ठ्या माझ्यासमोर एकेक ओढून काढल्या, पोरीने झाडावरची बोरं काढावीत तशा. मी निघताना म्हणाली, "लायलने तुला चोपलं असतं. मी नाही चोपत. तू मला माझं डोकं परत आणून दिलंस."

इतक्या स्वस्तात माफी! चोपलं असतं तर बरं झालं असतं. पण घरी येताना, किती दिवसांनी, छाती मोकळी वाटली. खोटं कशाला लिहू.

२६ ऑक्टोबर

रूडीच्या बारमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी ओरडलं नाही. रूडी ग्लास पुसत म्हणाला, "टपाल फोडलंस तू, पोस्टमास्तर." बस्स. डबा उचलून त्याने आपल्याकडच्या फळीवर ठेवला. प्रमुखपद गेलं. पायरीवरचं माझं नाव खरवडून आर्डिसचं घालणार आहेत.

कुणी शेजारी बसलं नाही. बियर तशीच टाकून आलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी किर्स्टनचा फोन. पहाटे आर्डिस, लायल कामाला होता त्या कारखान्याच्या फाटकाशी सापडली – घरातल्या चपलांवर, बर्फात. लायलची पाळी सुटायची वाट बघत होती.

मी विचारलं, सहा तारखेला डॉक्टर काय म्हणाले?

गेलीच नव्हती. मागच्या महिन्यातच तिने वेळ रद्द केली. लेकीला म्हणाली होती – डेल्मर स्वतः येऊन सांगून गेलाय, माझं डोकं ठीक आहे.