थायमस आणि भावजींचा काढा

सांगली, मंगळवार, संध्याकाळ

डावी पापणी आजही दिवेलागणीलाच पडली. डॉक्टर म्हणाले, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी पेशींना आपलं-परकं ओळखायला शिकवते. माझ्या ग्रंथीचं शिकवणं बिघडलं आणि पेशी माझ्याच स्नायूंवर उठल्या. गुरुवारी ती ग्रंथी काढणार. आणि आज धाकटे दीर हळद-गुळवेलीचा काढा घेऊन हजर.

"वैनी, प्या. प्रतिकारशक्ती लय वाढती."

"घरच्यांनाच मारणाऱ्यांना खुराक कशाला, भावजी?"

हे म्हणाले, "पी की. त्याचं मन राहील."

छाती माझी उघडणार, आणि मन त्याचं राखायचं? वर्षभर याच पापणीला घरातले सगळे माझा तोरा म्हणत होते. तेव्हा माझं मन कुणी राखलं?

पापणी बोटानं वर धरली. ह्यांनी पेला मोरीत ओतेपर्यंत ह्यांच्याकडेच बघत राहिले.