सतरा नंबरची पेटी

आदरणीय विहीणबाई कुल्याश यांना, बाल्झानचा छातीवर हात ठेवून सलाम.

तुमची गुरंढोरं सुखरूप आहेत ना? (तुम्ही अल्माटीत सातव्या मजल्यावर राहता आणि एका मांजरापलीकडे तुमच्याकडे गुरं नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आईने आधी गुरांची आणि मग माणसांची चौकशी करायला शिकवलं, आणि या वयात मी काही बदलणार नाही. मांजर कसं आहे?) व्याह्यांचा रक्तदाब, तुमचा डावा गुडघा, सगळं ठीक असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळे खुशाल. नात तोग्झानचे पुढचे दोन दात पडले आणि ते तिने वाऱ्यात उडवले. इथे बाल्खाश सरोवराच्या पलीकडे वारा असा आहे की दात कुठल्या प्रांतात जाऊन पडले असतील, सांगता येत नाही.

फोन का केला नाही म्हणाल, तर या छावणीत फोन एकच, पहाऱ्याच्या खोलीत, आणि मागे रांगेत कायम चार बायका कान टवकारून उभ्या. मला जे सांगायचंय ते चार बायकांसमोर सांगण्यासारखं नाही. ट्रक सुटताना तुम्ही माझा हात धरून म्हणाला होतात, "बाल्झान, माझी पोर तिथे कोमेजायला लागली तर मला खरं काय ते कळवा, मी येऊन घेऊन जाईन." मी मान हलवली होती. तेव्हा आता खरं काय ते कळवते. (तुमच्या दवाखान्यातली ती रिकामी जागा, जी म्हणे एक ऑक्टोबरपर्यंत तुमच्या शोल्पानसाठी राखून ठेवलीय, तिच्याबद्दल मला काहीही माहीत नाही.)

तर पहिली गोष्ट सामानाची. सात वर्षांत हा आमचा पाचवा मुक्काम, आणि तुमची मुलगी घर असं बांधते की बघणाऱ्याने टोपी काढावी. प्रत्येक पेटीवर नंबर, प्रत्येक नंबरची वहीत ओळ, आणि एक नंबरच्या पेटीत पडदे, किटली, खिळे आणि हातोडी. पोचल्यावर ती आधी पडदे लावते. पडद्यांना तिने खाली हातभर कापड दुमडून शिवून ठेवलंय, कारण कुठल्याच दोन छावण्यांच्या खिडक्या एका उंचीच्या नसतात. शिवण उसवते, खाली सोडते किंवा वर घेते. जुन्या शिवणींच्या चार रेघा त्या कापडावर अजून दिसतात, एकेका गावाची एकेक. मी त्या रेघांकडे बघत बसते आणि मला वाटतं, माझ्या मुलाच्या छातीवरच्या पदकांपेक्षा या रेघा जास्त मानाच्या आहेत. (हे दाउरेनला सांगू नका. त्याला पदक एकच मिळालंय.)

तुमच्या जावयाबद्दल म्हणाल तर तो तोफखान्यातला कप्तान, पंधरा कोसांवरचं निशाण टिपतो, पण कपाट जिन्यात अडकलं तेव्हा त्याने पेन्सिल काढून भिंतीवर कोन मोजायला घेतले. अर्धा तास मोजत होता. चार जवान कपाट खांद्यावर घेऊन घामाघूम. शोल्पान खालून आली, स्वयंपाकाच्या सुरीने कपाटाचे चारही पाय काढले, ते एप्रनमध्ये घेतले आणि म्हणाली, "आता न्या." कपाट गेलं. दाउरेन म्हणाला, माझंही उत्तर तेच येत होतं. मी त्याला चहा दिला, आई आहे शेवटी.

संध्याकाळी मी पेट्या मोजल्या. नंबर एकतीस, पेट्या तीस. सोळानंतर अठरा. पुन्हा मोजल्या, पुन्हा तीस. शोल्पानला विचारलं तर पडद्यातून मान न काढता म्हणाली, "सतरा आईकडे ठेवलीय, आपा. असू दे तिथेच." सतरा म्हणजे तिच्या दात काढायच्या हत्यारांची काळी पेटी. विहीणबाई, बाईमाणूस आपली हत्यारं माहेरी ठेवून येतं तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको. कोठीच्या खोलीत तिने पेट्या ओळीने लावल्या आणि सोळा नि अठराच्या मधे एका पेटीची जागा मोकळी सोडली. मी येता-जाता त्या जागेकडे बघायची. सोयरीक ठरली तेव्हा कुंडलं मीच तिच्या कानात घातली होती, तुमच्याच दिवाणखान्यात, आणि तेव्हा तुम्ही रडला होतात, मी नाही. आता माझी पाळी आली होती.

आता येरुलिकची हकिगत सांगते, म्हणजे माझी फजिती. आधी उतरलेल्या घराने नव्याने उतरलेल्या घराला जेवायला बोलवायचं, नव्याची चूल पेटायच्या आत त्याचं पोट भरायचं, ही आपली रीत तुम्हाला सांगायला नको. (तुम्ही शहरातल्या, विसरला असाल, म्हणून सांगितलं.) ही इमारत कोरी, पलटण कोरी, बारा कुटुंबं. मी मखमली बंडी घातली, पांढरा रुमाल बांधला आणि बोलावण्याची वाट बघत खुर्चीवर बसले. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. चौथ्या दिवशी समोरच्या दारातली राबिगा जिन्यात भेटली. कर्नलची बायको आहे, तोंडाने गोड, पण गाल एका बाजूने सुजलेला.

"घर लागलं का, आपा?"

"लागतंय. तुमचं?"

"लागतंय."

मग दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, ती काहीतरी म्हणेल म्हणून मी आणि मी काहीतरी म्हणेन म्हणून ती. शेवटी ती आपल्या दारात गेली, मी माझ्या. आत येऊन मी शोल्पानला म्हटलं, कर्नलची बायको झाली म्हणून काय माणुसकी सोडायची? शोल्पान म्हणाली, "आपा, विचारून टाकू का?" मी म्हटलं, "काय विचारणार? आम्हाला जेवायला बोलवा म्हणून? भिकारी आहोत का आपण?" तिसऱ्या मजल्यावरची एक तर त्याच आठवड्यात मला ऐकू जाईल असं पोराला म्हणाली, "चल रे, इथे कुणी कुणाला विचारत नाही." मी मनात म्हटलं, स्वतःचं स्वतःच कबूल करतेय बिचारी.

नऊ दिवस, विहीणबाई! नऊ दिवस मी मखमली बंडी उतरवली नाही. दहाव्या दिवशी तुमची मुलगी कुणाला न सांगता फाटकावर गेली आणि पहारेकऱ्याची वही बघून आली. सगळ्यांना हुकूम एकच होता, तीन सप्टेंबरला हजर. ती दारात उभी राहून म्हणाली, "आपा, सगळ्यात आधी आपणच आलोय."

"कोण म्हणतं?"

"वहीत लिहिलंय. सहा वाजून दहा मिनिटं, कप्तान दाउरेन, एक ट्रक. दुसरा ट्रक सहा पन्नासला."

"वही चुकली असेल."

"आपा, सैन्याची वही आहे."

तुम्हाला आठवत नसेल, कारण तुम्ही तिथे नव्हता, पण त्या शेवटच्या सकाळी वाटेत चहाला थांबू द्यायला मीच नकार दिला होता. मीच ड्रायव्हरच्या कानाशी ओरडत होते, चल, चल, उशिरा पोचलो तर लोक काय म्हणतील. त्या चाळीस मिनिटांनी मी या इमारतीतली जुनी रहिवासी झाले होते, आणि अकरा घरं नऊ दिवस आमच्या दाराकडे डोळे लावून बसली होती. मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ज्या बायकांना नावं ठेवली, त्या सगळ्या माझ्याच वेशात माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

 शोल्पान नुसती माझ्या पलंगाकडे बघत राहिली. पलंगाखाली मी घोड्याचं वाळवलेलं मांस पुढच्या हिवाळ्यासाठी जपून ठेवलं होतं, आणि माझी समजूत होती की ते कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, घे सगळं. ती म्हणाली, "आपा, अर्धंच पुरेल." मग अकरा दारं वाजवून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडी, टेबलं ओळीने जिन्यापर्यंत जोडलेली, मांस शिजतंय, आणि तुमची मुलगी परातीवर परात पिठाचे बाउरसाक तळतेय. एक परात भरली की पोरं रिकामी करत होती. राबिगाला एका बाजूने चावता येईना. शोल्पानने हात पुसले, चहाचा चमचा आणि दाउरेनचा टॉर्च घेतला, तिला खिडकीपाशी नेऊन तोंडात बघितलं आणि दाढेचं नाव सांगितलं. झालं! रांग लागली. त्या जेवणात अकरा घरांचे दात तपासून झाले. कर्नल स्वतः आ वासून उभा होता आणि आ मिटल्यावर म्हणाला, छावणीच्या दवाखान्यात दातांची खुर्ची वसंतापासून खोक्यात पडून आहे, बसवणारं कुणी नाही. शोल्पान हसली आणि पुढच्याच्या तोंडात टॉर्च धरला. मी तिच्याकडे बघत होते. कोमेजलेली पोर अशी दिसत नाही, विहीणबाई. छाती भरून आली माझी, आणि त्याच वेळी मी बाल्कनीकडे बघितलं.

बाल्कनीत पिठाचा मोठा डबा धुऊन उपडा घातलेला होता.

आता कबूल करून टाकते. तुम्ही शोल्पानला लिहिलेलं पत्र सहाव्या दिवशी आलं. लिफाफा उघडा होता. (वाऱ्याने. इथल्या वाऱ्याचं मी वर लिहिलंच आहे.) "परत ये, जागा राखून ठेवलीय, नवऱ्याची बदली होईल तेव्हा तोही येईल" हे सगळं मी वाचलं, तीनदा वाचलं, आणि ते पत्र पिठाच्या डब्यात अगदी तळाशी खुपसलं. तळ दिसायला नवीन वर्ष उजाडेल असा माझा हिशोब होता. बारा घरांना पुरतील एवढे बाउरसाक तळायची वेळ येईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आज तीन दिवस झाले. ती काही बोलत नाही, मी काही बोलत नाही. ती मला चहा देते, मी तिच्या हाताकडे बघते. मी चूक केली. सासू म्हणून केली की आई म्हणून, ते मला अजून कळत नाही, पण चूक केली, आणि तुमची माफी मागते.

तुमचीच,
बाल्झान

ता. क. – एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. तुम्ही तिला कळवा की ती जागा भरली. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे, पण एकदाच बोला. तिच्याशिवाय हे घर म्हणजे तीस पेट्या आणि एक कप्तान.

ता. क. दुसरा – वरचं रद्द समजा. आत्ता भाकरीसाठी पीठ घ्यायला गेले. नवं पोतं तिने डब्यात ओतलंय, पण डब्याच्या तोंडाशीच काहीतरी खडबडीत लागलं. तुमचं पत्र होतं. पीठ झटकून, स्वच्छ फडक्यात नीट गुंडाळून, परत डब्यातच ठेवलेलं. तळाशी नाही, वरच, माझ्या हाताला लागेल असं. सोबत तुमच्या नावाची एक चिठ्ठी, न चिकटवलेली. ती या पत्रासोबत पाठवते आहे. मी वाचलेली नाही. त्यात लिहिलंय, "आई, ती जागा दुसऱ्या कुणाला दे, इथे एक खुर्ची खोक्यात वाट बघतेय. सतरा नंबर पाठव. आणि आपांना यातलं काही कळू देऊ नकोस, त्यांना वाटतंय मला माहीत नाही."

तेव्हा विहीणबाई, मला काहीच माहीत नाही. पेटी तेवढी पाठवा, सोळा नि अठराच्या मधली जागा मी आत्ताच ओल्या फडक्याने पुसून आले.