उजव्या कोपऱ्यातले तारे

९ फेब्रुवारी, रविवार
ललितचा फोन, अकोल्याहून. जठारपेठेत औषधांचं दुकान चालवतो. हातात मिररलेस कॅमेरा येऊन जेमतेम पाच महिने! "दादा, आकाशगंगेसाठी लेन्स घ्याची हाय. तुमी पसंत कराल ते डोये मिटून घेतो."

इकडे मी राजापेठेत मोटर वायंडिंग करता करता बारा वर्षं आकाशाचे फोटो काढतोय. कोणाच्या क्लासला गेलो नाही. आणि आमच्या फोटोग्राफी मंडळाच्या ग्रुपवर वाहवा कोणाची? याची! मृग नक्षत्राचा एक फोटो टाकला, तर अध्यक्ष खुशालराव लिहितात "अप्रतिम". माझ्या फोटोला अंगठा. नुसता अंगठा!

१० फेब्रुवारी
त्याला सांगितलं ते मात्र बरोबर सांगितलं. छोट्या सेन्सरला बारा एमएम, एफ-दोन म्हणजे भरपूर उजेड घेणारी, हातानं फोकस करायची. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम पुरेशी उघडतच नाही. पस्तीसची घेतली तर शटर दहा सेकंद उघडं ठेवलं की तारे रेघेसारखे लांबतात. बारावर वीस सेकंद बिनधास्त. लोक सत्तावीस म्हणतात — म्हणोत! मी विसाच्या वर जात नाही.

मलाही हीच हवी होती. नागपूरच्या ओळखीच्या दुकानदाराला सांगितलं — वापरलेल्या दोन पाठव, तपासून ठेवतो.

१४ फेब्रुवारी
दोन्ही आल्या. संध्याकाळी गच्चीवर ट्रायपॉड लावला. माझी रीत ठरलेली. लांबच्या टॉवरचा लाल दिवा चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीनं आणायचा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो घ्यायचा आणि मोठा करून पाहायचा. पहिली लेन्स — चारही कोपऱ्यांत दिवा म्हणजे टिंब. दुसरीत उजवा वरचा कोपरा गेलेला. दिव्याला पंख फुटल्यासारखे दिसतात. आतली काच तिरकी बसली आहे.

बायको, शालू, वाळलेले कपडे काढायला वर आली. "ललितभाऊले जेवाले बोलवा ना एकदा. किती सुंदर फोटो काढतेत ते!"

शालू खाली गेली. मी दोन्ही लेन्सांकडे पाहत बसलो.

१५ फेब्रुवारी
ललितला दुसरी पाठवली. सोबत चिठ्ठी — "तपासली. उत्तम आहे." दोन आल्या होत्या हे लिहिलं नाही.

१७ फेब्रुवारी
"भेटली दादा! लय भारी दिसते." — म्हणजे कोपरा अजून पाहिला नाही. गोळ्या मोजणारा माणूस!

२ मार्च, रविवार, चिखलदरा
मंडळाची सहल. पहाटे चारनंतर आकाशगंगा वर आली. माझे सगळे फोटो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत साफ. एक तारा वाकडा नाही!

ललित फोटोच काढेना. ट्रायपॉड खांद्यावर, या झाडाखाली, त्या झाडाखाली. खुशालराव ओरडले, "काहून बे, झाडं मोजाले आला काय?" सगळे हसले, तोही हसला. शेवटी एका आंब्याखाली जाऊन बसला. मला मजा वाटली. वाटली — इथे खोटं कशाला लिहू?

९ मार्च
मंडळाच्या प्रदर्शनासाठी मुख्य चित्र निवडलं — ललितचं!! उजवीकडून आंब्याची गर्द काळी फांदी खाली आलेली, आणि तिच्या आडून आकाशगंगा नुकतीच बाहेर पडते आहे असं वाटतं. नेमका तो खराब कोपरा फांदीनं झाकलेला. चांगली लेन्स पाठवली असती तर हा झाड शोधायला गेलाच नसता. म्हणजे हे चित्र माझ्यामुळे झालं, आणि माझं नाही!

माझा फोटो लागणार दाराजवळ, चपला काढतात तिथे. खुशालराव म्हणाले, "तुमचा तांत्रिकदृष्ट्या एकदम करेक्ट आहे." तांत्रिकदृष्ट्या! रात्री घरी ताटावरून उठलो. शालू म्हणे, "तुमाले कावून राग येऊन राहिला? तुमचाच चेला हाय ना तो?"

२२ मार्च, शनिवार
प्रदर्शन. ललितच्या चित्राखाली पाटी. त्याचं नाव, आणि खाली तेवढ्याच ठळक अक्षरांत — "लेन्सची निवड व मार्गदर्शन" — माझं. त्यानंच सांगून लिहून घेतलं म्हणे. लोक विचारायला लागले. दोन तास तिथे उभा राहून समजावलं — बारा एमएम का, एफ-दोन का. एका बाईंनी मुलीला नमस्कार करायला लावला. करू दिला.

२३ मार्च
सकाळीच अकोला. गिऱ्हाईक संपेपर्यंत दुकानाबाहेर थांबलो, मग ललितला सगळं सांगितलं. तो औषधाच्या पट्ट्या लावत राहिला. म्हणाला, "मले मालूम हाय, दादा. पहिल्याच आठवड्यात कोपरा दिसला, डब्यातल्या बिलावरचा पत्ता पाहून नागपूरले परत कराले गेलतो. दुकानदार म्हणे, दोन पाठवल्या होत्या, दादानं तपासून ही तुमाले देली. मंग परत केलीच नाही. केली असती, तं त्यानं तुमच्या तपासणीवर पुन्हा भरवसा ठेवला असता काय?"