म्हाताऱ्यांचं पाणी

उल्सानचा किनारा

आईला मालसुनचा वाकून नमस्कार.

इकडे सातूचा भात पोटभर मिळतो. शिंपल्यांसाठी आता खोल बुडीही मारत नाही, मग काळजी कसली?

आमच्या म्होरक्या यांगबाई शेकोटीपाशी म्हणाल्या, “किती हाका मारायच्या गं तुला? बहिरीला खोलात कोण नेणार? उद्यापासून काठाजवळ, म्हाताऱ्यांच्या पाण्यात!” सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या काय म्हणाल्या, ते शेजारणीने नंतर कानात ओरडून सांगितलं.

अजून चाळिशीही गाठली नाही गं मी.

तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या धाकट्या लेकीला मात्र बुडी शिकवू नकोस.

आपल्या जेजू बेटावर परत आले की तुझ्याशेजारीच काठाजवळच्या पाण्यात उतरेन. वर येऊन श्वास सोडताना तुझी शीळ वाजते ना, ती जरा जोरात वाजव.

तुझीच,
मालसुन